डोळ्याला पट्टी, तरी बाबा सांगतात हा टॉम-जेरी ‘दुसऱ्याचा’ आहे. हे शक्य आहे का?

संत्राबर्फी (महाल, नागपूर)
११ मे, रात्री ९.४०

मंडळी, प्रश्न जरा येडपट आहे, पण घरात यावरून रोज वाद होतोय म्हणून विचारते.

बाबांचं (वय ७८) मागच्या सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याने आधीपासूनच धूसर. दिवसातून चार वेळा थेंब. पेपर बंद, टीव्ही बंद, त्यामुळे माणूस नुसता कान होऊन पडलाय. आमचं घर जुनं. मधल्या खोलीत बाबांचा दिवाण, समोरच्या खोलीत टीव्ही, मधे दार नाही, पडदा. आणि टीव्हीसमोर भावाची पोट्टी, वय ८, पुण्याहून सुटीत आलेली. बाहेर ४४ डिग्री, तिला पाठवणार कुठे? दुपारी बारा ते चार टॉम अँड जेरी. एक संपला की दुसरा आपोआप लागतो. कोणता कधीचा, काही धरबंध नाही.

तिसऱ्या दिवशी थेंब टाकायला गेले तर बाबा म्हणाले, “हा त्याचा नाही.”

“कोण कोणाचा नाही?”

“हे उंदीर-मांजर. मघाचा होता तो त्याचा होता. हा दुसऱ्या कोणाचा हाय. भांडं पडून राहिलं तं विहिरीत पडल्यावानी वाजून राहिलं.”

पडदा सारून पाहिलं. तोच टॉम, तोच जेरी. मासे धरायला निघालेले, सोबत एक जाडा लालबुंद मालक, तो टॉमला बदडतोय. दोन मिनिटं बघितल्यावर मलाही काहीतरी खटकलं, पण काय ते सांगता येईना. बाबांनी तर चित्र पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून खेळच झालाय. नवा भाग लागला की पोट्टी ओरडते, “आबा, कोणाचा?” आणि आबा अर्ध्या मिनिटात निकाल देतात. त्यांनी तीन घराणी पाडलीत: असली, विहिरीतला आणि मिशीवाला. मिशीवाला का? तर त्यात मांजर मिशीला पीळ देत चालल्यासारखं वाजतं म्हणे.

बाबांचं थोडं सांगते. ते आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या डाकसेवेत होते. नागपूर-भुसावळ, डाकेच्या डब्यात रात्रभर उभं राहून पत्रं लावायची. पुलगावचा पूल आला हे खिडकीकडे न बघता सांगायचे, आणि त्यात काही विशेष नाही, डब्यातले सगळेच सांगायचे, असंही सांगायचे. दुसरं म्हणजे ४० वर्षं भजनी मंडळात तबला. गुरूकडे बसून शिकलेला नाही, पाहून-ऐकून उचललेला. पण कोणी ठेका सोडून गायलं की आरतीतही हात थांबवून त्याच्याकडे बघत बसतात.

मी स्वतः १९९५ नंतर केबलवर कार्टून नेटवर्क बघत मोठी झालेली. रात्री कार्टून संपून त्याच चॅनलवर जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे, त्या क्षणाचा राग अजून पोटात आहे. इतकी वर्षं पाहिलं, मला कधी फरक कळला नाही. भाऊ फोनवर म्हणतो, बाबा फेकतात.

टॉम अँड जेरी खरंच वेगवेगळ्या लोकांनी केलेत का? आणि नुसतं ऐकून ते कळतं का?

घुशीचा_मालक (इतवारी)
११ मे, रात्री १०.१५

ताई, उत्तर माहीत नाही, पण उंदीर-मांजर म्हटल्यावर हात शिवशिवले.

आपलं धान्याचं दुकान. घुशींसाठी मांजर पाळली. सहा वर्षांत तिने धरलेला एकूण माल: एक पाल. रात्री शटर टाकायच्या वेळी घूस मोरीतून निघते, मांजर तुरीच्या पोत्यावरून तिच्याकडे बघते, घूस हिच्याकडे बघते, आणि दोघी आपापल्या कामाला लागतात. घूस अंगाने मांजरीच्या बरोबरीची आहे, हेही सांगून टाकतो. कार्टूनवाल्यांनी मांजराला फार मेहनती दाखवलं.

बाबांना नमस्कार सांगा.

रीळवाला (धंतोली)
१२ मे, सकाळी ७.०५

बाबा फेकत नाहीत. घराणी तीनच आहेत (चित्रपटगृहांसाठी केलेल्या जुन्या लघुपटांपुरतं बोलतोय) आणि त्यांनी ती बरोबर पाडलीत. हे वाचून मी चहा गार केला.

‘असली’ म्हणजे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीचे. एमजीएम स्टुडिओ, १९४० ते १९५८, एकूण ११४. पहिल्या भागात, म्हणजे ‘पुस गेट्स द बूट’मध्ये, टॉम हा टॉम नव्हताच. त्याचं नाव जॅस्पर. पुढच्या वर्षी नावं बदलायचं ठरलं, स्टुडिओत स्पर्धा लावली आणि जॉन कार नावाच्या अ‍ॅनिमेटरने ‘टॉम’ आणि ‘जेरी’ सुचवून ५० डॉलर मिळवले. सातही ऑस्कर याच काळातले. मग १९५७ मध्ये एमजीएमने कार्टूनचा विभागच बंद करून टाकला. तयार होते ते पुढच्या वर्षापर्यंत लागत राहिले.

‘विहिरीतला’ म्हणजे जीन डाइच. १९६१-६२ मध्ये केलेले १३ भाग, आणि ते हॉलिवूडमध्ये नाही, चेकोस्लोव्हाकियात, प्रागला. अमेरिका आणि पूर्व युरोप एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते त्या दिवसांत टॉम आणि जेरी पलीकडच्या बाजूला जाऊन राहिले होते. हॅना-बार्बेराच्या भागांशी डाइचची फारशी ओळखही नव्हती, थोडे दाखवले गेले तेवढेच. पैसे तुटपुंजे. तुम्ही पाहिलेला मासेमारीचा भाग ‘डाउन अँड आउटिंग’ असणार. जाडा मालक डाइचच्याच भागांतला. आणि घुमणाऱ्या भांड्यांचं म्हणाल तर डाइचकडे ध्वनीचं काम टॉड डॉकस्टेडर नावाच्या माणसाने केलं, जो स्वतः टेपचे तुकडे कापून-जोडून इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा होता. बाबांना विहीर ऐकू आली ती उगाच नाही.

‘मिशीवाला’ म्हणजे चक जोन्स. १९६३ ते १९६७, ३४ भाग. हा वॉर्नर ब्रदर्सकडून आलेला. त्याच्या टॉमच्या भुवया जाड, गाल केसाळ, चालण्यात ऐट. सुरुवातीला एमजीएमचा सिंह डरकाळी फोडतो आणि मग त्याच चौकटीत टॉम म्याव करतो, तो भाग लागला की समजायचं. ‘मिशीला पीळ’ हे मी आता कायमचं वापरणार.

एक विचारा बाबांना: मांजराच्या रडण्यावरून ओळखतात का?

संत्राबर्फी
१२ मे, दुपारी १.२०

रीळवाला, सगळं वाचून दाखवलं. ११४, १३ आणि ३४ हे आकडे बाबांनी दोनदा म्हणायला लावले. आरएमएसचा माणूस, आकडा ऐकला की पाठ करतो.

रडण्याबद्दल विचारलं तर लगेच: “मंग काय! असलीतलं मांजर माणसावानी बोंबलते. शेपटी दाबली गेली तं आधी काहीच नाही, आणि मंग आऽऽऽ! तो एकच माणूस हाय, प्रत्येक वेळी तोच. बाकीच्या दोघांत तो माणूस नाही.”

कोण आहे तो माणूस?

रीळवाला
१२ मे, दुपारी १.४५

तो विल्यम हॅना. दिग्दर्शकच. टॉमच्या त्या गाजलेल्या किंकाळ्या त्याने स्वतः दिल्या आणि ध्वनिमुद्रणं पुन्हा पुन्हा वापरली गेली. डाइचच्या भागांत अ‍ॅलन स्विफ्ट आहे, जोन्सकडे मेल ब्लँक. म्हणजे बाबांनी ओरडणारा माणूस ओळखला आणि त्यावरून दिग्दर्शक ओळखला. मी निःशब्द.

तिरकिट (पुणे, मूळ वर्धा)
१२ मे, रात्री ११.३०

उशिरा आलो. किंकाळी ठीक आहे, पण बाबांचं खरं वाक्य ‘आधी काहीच नाही, आणि मंग’ हे आहे. तबलजीच असं ऐकू शकतो.

सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते. म्हणजे दर १२ चौकटींना एक ठोका धरला तर मिनिटाला १२० ठोके, दर ८ चौकटींना धरला तर १८०. त्या काळी एमजीएममध्ये चित्र काढायच्या आधीच कागदावर असा हिशेब मांडत: या ठोक्याला पाऊल, या ठोक्याला दार, या ठोक्याला इस्त्री डोक्यावर. जोडीत बार्बेरा गोष्ट आणि गमती चितारायचा, आणि वेळेचं गणित हॅनाचं. त्याला संगीतात गती होती. संगीतकार स्कॉट ब्रॅडलीला हा ताल आधीच ठाऊक असायचा, त्यावर तो वाद्यवृंद बसवायचा. त्यामुळे मांजर जिना चढतं तेव्हा व्हायोलिन जिना चढतात आणि हातोडी समेवरच येते. आणि दुखापतीनंतरची ती रिकामी मात्रा! टॉमची शेपटी इस्त्रीखाली गेली, तो आपल्याकडे बघतो, आपण त्याच्याकडे बघतो, एक मात्रा कोणीच काही वाजवत नाही. हसू त्या मात्रेत येतं. बोंबलणं नंतरचं.

डाइचकडे ही सम नाही, हे बाबांचं खरं. पण ‘विहिरीतला’ म्हणून टाकून देऊ नका. ते आवाज एकटे ऐका. भांडं पडल्यावर त्याची घुमक उरते, तीत एक भीती आहे. लहानपणी मला ते भाग बघून रात्री झोप यायची नाही, आणि हसवणाऱ्या ११४ पैकी किती मला आठवतात? डाइचचे मात्र चांगले आठवतात.

संत्राबर्फी
१३ मे, सकाळी ८.१०

तिरकिटजी, बाबांचा निरोप जसाच्या तसा: “त्याले म्हणा, भुताचे भजन वेगळे आणि देवाचे वेगळे. मी काही वाईट म्हटलं नाही. विहिरीत म्हटलं.”

रीळवाला
१३ मे, सकाळी ९.००

मग रीतसर परीक्षा घेऊ. पाच भागांची नावं तुम्हाला खासगीत पाठवतो. क्रम मी सांगतो तोच. पोट्टीलाही सांगायचं नाही, ती खुणा करेल. टीव्हीवर चादर टाका.

घुशीचा_मालक
१३ मे, सकाळी ९.०५

निकाल इथेच टाका ताई. माझी मांजर नापास झाली, निदान तुमचे बाबा पास होऊ द्या.

संत्राबर्फी
१४ मे, सायंकाळी ७.३०

झाली परीक्षा. सविस्तर लिहिते, कारण घरादाराला घाम फुटलाय, अक्षरशः.

पहिली अडचण कूलरची. आमचा कूलर मधल्या खोलीच्या खिडकीत, आणि तो लावला की पडद्यापलीकडचं सगळं ‘विहिरीतलं’ वाटतं. बाबा म्हणाले बंद करा. दुपारी अडीच वाजता, मे महिन्यात, महालात, कूलर बंद! बाबा बनियनवर, पट्टीखालून घाम ओघळू नये म्हणून मी टॉवेल घेऊन बाजूला, पोट्टी तिच्या आजीच्या मांडीवर हाताने पंखा हलवत, आणि शेजारच्या काकू ‘हे काय चाललंय’ बघायला येऊन बसलेल्या. टीव्हीवर सोलापुरी चादर.

पहिला भाग. नेहमी अर्ध्या मिनिटात बोलणारा माणूस दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, “असली हाय. पण अजून हात बसला नाही. विलंबित चालून राहिलं.” मी रीळवाल्यांच्या यादीकडे बघितलं: ‘पुस गेट्स द बूट’, १९४०, पहिलावहिला. अंगावर काटा आला. त्यात एक बाई मांजरावर ओरडते, तर बाबांनी विचारलं ती काय म्हणते. मी सांगितलं, आणखी एक वस्तू फुटली तर घराबाहेर काढीन म्हणते, आणि हे उंदराला कळतं, मग तो मुद्दाम ग्लास फोडायला निघतो. बाबा इतके हसले की मी डोळ्याला धक्का बसेल म्हणून ओरडले. “आमच्या सेक्शनले असाच एक होता,” म्हणाले. नाव सांगितलं नाही.

दुसरा. पियानो सुरू झाला आणि बाबांची बोटं दिवाणाच्या कडेवर. मधे काही बोलले नाहीत. टाळ्या वाजल्यावर म्हणाले, “असली. पण इथे उलटं हाय. बाकी वेळी बाजा मांजराच्या मागे पळते, इथे मांजर साथीले बसलं.” हा ‘द कॅट कॉन्चेर्टो’.

तिसऱ्याला दहा सेकंदही लागले नाहीत. “विहीर.” (‘स्विचिन किटन’.) काकूंनी टाळी वाजवली. काकूंना नक्की काय चाललंय हे तोवर कळलेलं नव्हतं.

चौथ्यात ऑपेरा होता, मांजर गातं. “मिशीवाला. आणि जेवून गाते, पोट भरलेलं हाय.” (‘द कॅट अबव्ह अँड द माउस बिलो’.)

पाचवा. रेडिओवर कसलीतरी बातमी, मग पळापळ. बाबा लगेच: “असली.” मी विचारलं, नक्की? “शंभर टक्के. चला, कूलर लावा.”

हा ‘द मिसिंग माउस’. १९५३ चा आहे, म्हणजे बरोबरच ना? पाचपैकी पाच?

रीळवाला
१४ मे, रात्री ८.००

चार. साडेचार म्हणू. माफ करा, पाचवा मी मुद्दाम पेरला होता.

आधी बाकीच्यांचं. ‘विलंबित’ हे अचूक आहे. १९४० चा पहिला भाग खरंच संथ आहे. नंतर टेक्स अ‍ॅव्हरी एमजीएममध्ये आला, त्याच्या कार्टूनांचा वेग बघून हॅना-बार्बेरांनीही लय चढवली. ती ओरडणारी बाई घरकाम करणारी कृष्णवर्णीय स्त्री आहे, चेहरा सहसा दिसत नाही, आवाज लिलियन रँडॉल्फचा. त्या ठोकळेबाज चित्रणावर पुढे टीका झाली आणि टीव्हीसाठी काही प्रतींत तिच्या जागी दुसरी बाई काढून, दुसरा आवाज घालून टाकला.

‘कॅट कॉन्चेर्टो’बद्दल तर बाबांना दंडवत. त्यात फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची हंगेरियन ऱ्हॅप्सोडी क्रमांक २ आहे. संगीत आधीपासून ठरलेलं, म्हणून टॉमला त्याच्या मागे जावं लागलं. ऑस्कर मिळालेला भाग आहे. गंमत म्हणजे वॉर्नरनेही त्याच सुमारास सशाला पियानोवर बसवून तीच रचना वाजवायला लावली होती, आणि कोणी कोणाचं उचललं यावरून बराच धुरळा उडाला.

आता पाचवा. ‘द मिसिंग माउस’ हॅना-बार्बेरांचाच आहे, म्हणून अर्धा गुण. पण त्यांच्या ११४ पैकी हा एकच असा आहे ज्याला ब्रॅडलीचं संगीत नाही. एडवर्ड प्लम्बचं आहे. मला वाटलं होतं बाबा इथे अडखळतील. प्रयोगशाळेतून स्फोटकं गिळून पळालेला पांढरा उंदीर आणि बुटाच्या पांढऱ्या पॉलिशमध्ये पडलेला जेरी, अशी अदलाबदलीची गोष्ट आहे. म्हणून म्हटलं, परीक्षाही अदलाबदलीचीच घ्यावी.

तिरकिट
१४ मे, रात्री ८.२०

हा शुद्ध अन्याय आहे. तबला तोच आणि पेटीवाला बदलला तर तुम्ही घराणं बदललं म्हणाल का? मी पाच देतो.

संत्राबर्फी
१५ मे, सकाळी १०.४०

रात्री वाचून दाखवलं नाही, झोपले नसते. सकाळी थेंब टाकताना सांगितलं.

आधी गप्प. मग म्हणाले, पुन्हा लाव. पुन्हा कूलर बंद, पुन्हा टॉवेल. पूर्ण सात मिनिटं ऐकलं. संपल्यावर: “मांजराले मारणारा तोच न? मारायचा हिशेब तोच न? बुवा आजारी पडला म्हणून एक दिवस दुसरा बुवा आला, तं भजन बदलते काय?”

मी म्हटलं, पण बाबा, तुम्हाला दुसरा बुवा आहे हे कळलं का नाही?

त्यावर त्यांनी पट्टीचा डोळा माझ्याकडे वळवला आणि चहा मागितला.

पोट्टीच्या मते आबांना साडेचार आणि रीळवाला काकांना शून्य. भावाने फोनवर ‘फेकतात’ हा शब्द मागे घेतला आहे, तेही स्पीकरवर, काकूंच्या साक्षीने. पट्टी शनिवारी निघते. तोवर रीळवाला, आणखी पाच नावं पाठवा अशी घरातून मागणी आहे. फक्त कूलर चालू असताना ऐकू येतील असे पाठवा.